तीन वर्षांची नोंद

“मग काय लिहायला हवं होतं आम्ही? तीन वर्षं बापाचे डायपर बदलत होतो, असं?”

बायकोचा आवाज इतका चढला, की तिच्या भावाने उठून खिडकी लावून घेतली.

“आम्ही कशाला म्हणतेस?” नवरा म्हणाला. “फॉर्म माझा होता. सही माझी होती.”

“सही तुमची, पण डोकं माझ्या दादाचं ना! तुम्ही तर पेन हातात धरून दातखीळ बसल्यासारखे बसला होतात.”

“हे बघ, माझ्यावर ढकलू नकोस,” मेहुणा म्हणाला. “मी माझं काम चोख केलं. अनुभवाचं पत्र दिलं, शिक्का मारून दिला. त्यांचा फोन आला तेव्हा दहा मिनिटं बोललो. म्हटलं, भावोजी म्हणजे माझा उजवा हात होते. ते गेले आणि माझा कारखाना लंगडा झाला.”

“उजवा हात गेला तर लंगडा कसा होईल, मामा?” मुलगी पलंगावरून म्हणाली. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि अर्ध्या तासात तिने पान उलटलं नव्हतं.

“तू अभ्यास कर.”

“करतेच आहे. मागच्या वेळी म्हणालास डोळा, आता म्हणतोस हात. निदान एक अवयव ठरवून घ्यायचा.”

एरवी यावर तिचा बाप हसला असता. मुलीचं तोंड तिच्या आईवर गेलं होतं आणि त्याला ते आवडायचं. पण दुपारी चार वाजता आलेली ती मेल अजून फोनवर तशीच उघडी होती. हॉस्पिटलने लिहिलं होतं की नेमणुकीपूर्वीच्या पडताळणीत पूर्वीच्या नोकरीच्या माहितीत विसंगती आढळली, घरभेटीच्या वेळी मिळालेल्या लेखी पुराव्यावरून ती स्पष्ट झाली, सबब देऊ केलेली नेमणूक मागे घेण्यात येत आहे. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छाही दिल्या होत्या.

“लेखी पुरावा,” बायको म्हणाली. “कोणीतरी लिहून दिलंय. कोण ते मला कळू दे, त्याच्या दारात जाऊन बोलते की नाही बघा.”

त्याने ती मेल पुन्हा पहिल्यापासून वाचली. बोलण्यात तो पूर्वीपासून कच्चा. साबणाच्या कारखान्यात त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे, ते याच कारणाने. भोंगा निदान दिवसातून तीनदा तरी वाजतो, हा तेवढाही वाजत नाही, म्हणून.

त्या कारखान्यात सोळा वर्षं तो बॉयलरवर होता. बॉयलर चालवायला परवाना लागतो, त्याची परीक्षा असते, आणि ती तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. काम सांगायला सोपं. बॉयलरला एक उभी काच असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. पातळी खाली गेली तर नळ्या जळतात, फार खाली गेली तर बॉयलर फुटतो आणि भिंतीही राहत नाहीत. म्हणून दर तासाला काच बघायची, वाफेचा दाब बघायचा, आणि वहीत लिहायचं. बाकीचे लोक पाळी संपताना शेवटच्या दहा मिनिटांत आठही तासांचे आकडे भरून टाकायचे. त्यातही कसब होतं, आकडे थोडे वर, थोडे खाली, खरे वाटतील असे. तो मात्र दर तासाला उठायचा, काचेपुढे उभा राहायचा, आणि मग लिहायचा. एकदा पाणी कमी असताना वाफ चालू ठेव म्हणणाऱ्या सुपरवायझरला त्याने हाताला धरून बाहेर काढलं होतं. त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. सुपरवायझरला बढती मिळाली.

त्याला बॉयलर आवडायचा. ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती, कारण ऐकायला वेडेपणाचं वाटलं असतं. पण बॉयलरचं एक बरं असतं. आपण नीट वागलो की तो नीट वागतो.

मग अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि ऐंशी किलोचं शरीर तेवढं राहिलं. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, कायमची नोकरी, वेळेवर पगार. कारखान्यात माणसं कमी करणं चाललं होतं, आपणहून जाणाऱ्यांना थोडी रक्कम देत होते. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने फार तर. हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता. त्याने नोकरी सोडली. सहा महिन्यांची तीन वर्षं आणि एक महिना झाला.

बाहेर मात्र असं सांगायचं नाही, हे बायकोने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. “माझ्या माहेरी काय सांगू? नवरा घरी बसलाय आणि मी कमावतेय?” तिच्या भावाचा कपडे रंगवण्याचा लहानसा कारखाना होता, त्यात लहानसा बॉयलरही होता. तेव्हापासून सगळ्यांसाठी तो तिथे कामाला होता. लग्नात, बारशात, कोणी विचारलं की मेहुणा पुढे होऊन म्हणायचा, “आमच्याकडेच आहेत भावोजी, सोडतोय कुठे मी!” ही थाप इतकी वापरून गुळगुळीत झाली होती, की फॉर्ममध्ये लिहिताना ती थाप आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

म्हणजे, त्याच्या राहिलं होतं. अण्णा गेल्यावर पहिल्या दोन मुलाखतींत त्याने खरं तेच सांगितलं. “तीन वर्षं काय करत होता?” “वडिलांची सेवा.” पहिल्या ठिकाणचा माणूस म्हणाला, “वा, आजकाल असं कोण करतं!” आणि पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्या ठिकाणचा म्हणाला, “मिसेस नव्हत्या का घरी?” तिसऱ्या मुलाखतीपासून तो मेहुण्याकडे कामाला होता.

हॉस्पिटलची मुलाखत ही सहावी. तिथे लॉंड्रीला आणि उपकरणं निर्जंतुक करायला वाफ लागायची. मुख्य इंजिनियर स्वतः एके काळी बॉयलरवर काम केलेला निघाला. त्याने प्रश्न विचारलेच नाहीत, सरळ खाली तळघरात नेलं आणि म्हणाला, “काच बघून सांगा.” याने काच बघितली, खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून पाणी सोडलं, पुन्हा भरू दिलं, आणि म्हणाला, “काचेची वरची वाट चोंदलीय. ही पातळी खरी नाही.” इंजिनियर हसला. “चार जण येऊन गेले. चौघांनी काचेवरचा आकडा वाचून दाखवला.” घरी आल्यावर तो त्या दिवशी आपणहून बोलत होता. मुलीने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

नेमणुकीचं पत्र आलं, त्यात शेवटी एक ओळ होती, पडताळणीच्या अधीन राहून. मग आला अकरा पानांचा फॉर्म. सात वर्षांत कुठे कुठे राहिलात. शाळा, परवान्याचा नंबर, परीक्षेचं साल. प्रत्येक नोकरी लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, वरिष्ठांचं नाव आणि फोन. कोर्टात केस आहे का. पोलिसात तक्रार आहे का. ओळखीच्या दोन माणसांची नावं, नातेवाईक चालणार नाहीत.

“लग्नाला स्थळ बघताना एवढं विचारत नाहीत,” बायको म्हणाली होती.

“विचारायला हवं होतं,” मुलगी म्हणाली.

त्याला धास्ती होती ती त्या जुन्या ताकीदपत्राची. कारखान्यातून ते निघणार, सुपरवायझरला हात लावला हे कळणार, आणि बस. चार रात्री त्याने त्याच्यावर घालवल्या. कारखान्याचं उत्तर गेलं, त्यात ताकीदपत्राचा उल्लेखही नव्हता. तेव्हा तो इतका निर्धास्त झाला, की फॉर्मच्या सातव्या पानावरची ती तीन वर्षं त्याच्या डोक्यातून गेलीच.

बेल वाजली.

दारात शेजारच्या मास्तरीणबाई. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, तरी अख्खा मजला त्यांना त्याच नावाने ओळखायचा. त्यांचे यजमान मोरीत पडून खुब्याचं हाड मोडून घेतल्यापासून पलंगावर होते. त्यांच्या हातात एक जाड, कडा मळलेली वही होती.

“खिडकी लावलेली दिसली, म्हटलं सगळे घरीच आहेत. ही तुझी वही रे. माझं उतरवून झालं.” त्यांनी वही पुढे केली आणि चेहरा फुलवून विचारलं, “काय मग, पक्की झाली ना नोकरी? ती मुलगी तर खूश होऊन गेली इथून!”

बायकोने भावाकडे बघितलं.

“कुठली मुलगी, बाई?” मेहुण्याने विचारलं.

“अहो, ती हॉस्पिटलकडून चौकशीला आलेली. परवा सकाळी. तुमच्याकडे कुलूप होतं, म्हणून माझ्याकडे आली. गळ्यात कार्ड, हातात तो मोठा फोन. मला विचारते, इथे राहतात का, किती वर्षं राहतात, दारूबिरू, भांडणं, पोलिस. मी म्हटलं, बस खाली आणि ऐक. म्हटलं, हा माणूस म्हणजे काय आहे तुला ठाऊक आहे का? तीन वर्षं बापाच्या उशापासून हलला नाही. एक दिवस नाही. ती म्हणाली, म्हणजे नोकरी सांभाळून करायचे? मी म्हटलं, कुठली नोकरी! नोकरीवर पाणी सोडलं त्याने. ती मला म्हणते, आजी, नक्की ना? मला राग आला. मी माणसाला उगाच चांगलं म्हणतेय असं वाटलं की काय हिला! मग उठले आणि ही वहीच ठेवली तिच्यापुढे.”

त्या वहीची गोष्ट अशी, की अण्णांना घरी आणल्यावर पहिल्याच रात्री त्याने अशी वही आखली होती. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. वेळ, कुठल्या कुशीवर वळवलं, पाणी किती गेलं, लघवी किती झाली, ताप, खाणं, शेवटच्या रकान्यात सही. दर दोन तासांनी. बॉयलरच्या वहीसारखीच, फक्त दाबाच्या रकान्यात रक्तदाब. अशा आठ वह्या झाल्या. यजमान पडल्यावर मास्तरीणबाई घाबरून गेल्या, तेव्हा बायकोनेच त्यातली एक त्यांना वाचायला नेऊन दिली होती.

“दहा पानांचे फोटो काढले तिने,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, काढ. तारखा बघ, वेळा बघ. सकाळी सहा, आठ, दहा, बारा. आहे कुठे खंड? असा माणूस तुमच्या हॉस्पिटलला मिळणार नाही, म्हटलं.”

कोणाच्या तरी दारात जाऊन बोलायला निघालेली बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बसा. चहा टाकते.”

“नको गं, हे एकटे आहेत.” त्या वळल्या, आणि त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, “पेढे खाल्ल्याशिवाय सोडणार नाही हो.”

दार लागलं.

“म्हातारीला कोणी शहाणपणा सांगितला होता—” मेहुण्याने सुरुवात केली.

“गप बस, दादा,” बायको म्हणाली. “वही मीच दिली होती.”

दुसऱ्या दिवशी त्याने हॉस्पिटलला फोन केला. जिन्यात उभा राहून केला, घरात नको म्हणून. पडताळणीचं काम बघणारी मुलगी बोलायला गोड होती. “सर, मला खरंच वाईट वाटतंय. गॅप असता ना, तर चाललं असतं. आमच्याकडे खूप जणांना असतो, आजारपण, घरचं काही. आम्ही बघतो ते एवढंच, की माणसाने जे लिहिलं ते तसं आहे का. तुम्ही पत्र जोडलंत, शिक्क्याचं. मग आमच्या हातात काही राहत नाही.”

गॅप असता तर चाललं असतं. त्याला त्या पहिल्या दोन मुलाखती तिला सांगाव्याशा वाटल्या, पण त्या तिच्या हॉस्पिटलच्या नव्हत्या. तिचा काय दोष. त्याने इंजिनियरशी बोलता येईल का म्हणून विचारलं. तिने जोडून दिलं.

इंजिनियरने आवाज ओळखला. मग म्हणाला, “मी ते फोटो बघितले. सुंदर ठेवलीय वही. माझ्या माणसांना दाखवीन म्हणतो.”

“साहेब, मग—”

“मग काय? मी माझ्याकडून बोलून बघितलं. पण तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर? खाली बॉयलर, वर तीनशे पेशंट. तिथे बसणाऱ्याने कागदावर खोटं लिहिलेलं चालेल का तुम्हाला? कारण काहीही असो.”

“नाही,” तो म्हणाला. खरंच, नसतं चाललं.

फोन ठेवून तो जिन्याच्या पायरीवर बसला. इंजिनियरला जे ठाऊक नव्हतं, मास्तरीणबाईंना नव्हतं, बायकोलाही नव्हतं, ते असं, की त्या वह्यांत सात नोंदी खोट्या होत्या. तिसऱ्या वर्षातला एक आठवडा, मास्तरीणबाईंकडे गेलेल्या त्याच वहीतला. दुपारचे दोन वाजले होते, अण्णांना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवायचं होतं, आणि तो खुर्चीत बसून राहिला होता. झोप नव्हती, आजार नव्हता. नुसता बसून राहिला. अण्णा उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. चार वाजले. मग त्याने वही ओढली आणि लिहिलं, दोन वाजता, उजवी कूस, सही. असं त्या आठवड्यात सात वेळा झालं. अण्णांच्या डाव्या खुब्यावर जखम झाली ती त्यानंतर, आणि ती शेवटपर्यंत भरली नाही. लोक म्हणाले, एवढं करूनही जखम झालीच, नशीब.

सोळा वर्षं काचेपुढे उभं राहून लिहिणाऱ्या माणसाने आकडे भरले होते. इतके सफाईने, की दहा पानांचे फोटो काढणाऱ्या मुलीलाही पत्ता लागला नाही. अण्णा गेले त्या दिवशी त्याने मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती, यापुढे कोणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. लोखंडाची नोकरी करायची.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन ठिकाणचे फॉर्म आले. दोन्हींत एक नवा रकाना त्याला दिसला, पूर्वी कधी असेल तर तेव्हा लक्षात आला नव्हता. पडताळणीत अपात्र ठरवून आपली नेमणूक कधी रद्द झाली आहे का? हो किंवा नाही. हो असल्यास तपशील. खाली दोन ओळींची जागा.

गुरुवारी तो घरी काही न सांगता बाहेर पडला. दातांच्या दवाखान्याच्या रस्त्यावर, एका जिन्याखालच्या खोलीत, घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारा ब्युरो होता. अण्णांच्या वेळी त्याने तिथे तीनदा चौकशी केली होती. तिन्ही वेळा पुरुष माणूस मिळाला नव्हता. टेबलामागे एक बाई, तिच्यापुढे तीन फोन, आणि तिन्ही आळीपाळीने वाजत.

“वजन उचलता येतं?” तिने विचारलं.

“येतं.”

“पेशंट मोठा असला तर?”

“वडील ऐंशी किलोचे होते.”

“नळीने भरवणं, लघवीची पिशवी?”

“येतं.”

“सोमवारी या. सकाळी आठ ते रात्री आठ. एका गृहस्थांकडचा माणूस पळून गेलाय, घरचे रडकुंडीला आलेत. ओळखपत्राची प्रत आहे? नसली तर राहू द्या, नंतर द्या.”

तो उभाच राहिला. “चौकशी नाही करत तुम्ही?”

“कसली?”

“माझी.”

ती फोन कानाला लावत हसली. “दादा, उभा राहणारा माणूस मिळत नाही मला. चौकशी कोणाची करू?”

तो घरी आला तेव्हा मेहुणा आलेला होता. टेबलावर त्या दोन फॉर्मांतला एक पसरलेला, बायको लिहीत होती आणि भाऊ सांगत होता. अक्षर तिचं चांगलं, म्हणून फॉर्म नेहमी तीच भरायची.

“या भावोजी. मी म्हणतो, आता माझं नावच नको त्यात. माझा एक मित्र आहे, त्याचा डब्यांचा कारखाना आहे, माणूस लांबचा, नातं नाही, काही नाही. तो पत्र देईल. आणि तो रद्दबिद्दचा रकाना आहे ना, तिथे सरळ ‘नाही’ लिहायचं. कोण जातंय बघायला?”

“मी म्हटलं, या वेळी खरंच लिहू या का,” बायको म्हणाली. ती पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत होती. “तीन वर्षं वडिलांची सेवा केली, म्हणून. ती मुलगी म्हणाली ना, चालतं. पण मग त्या रकान्यात ‘हो’ लिहावं लागेल, आणि त्याच्याखाली काय लिहायचं ते काही सुचत नाही.”

“लिही, बाबा संत आहेत, शेजारी खात्री करून घ्यावी,” मुलगी म्हणाली. म्हणाली आणि तिलाच रडू आलं.

तो खुर्ची ओढून बसला. बायकोने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. तो त्याने वाचला नाही.

“सोमवारपासून मी ब्युरोच्या ड्यूटीवर जाणार आहे,” तो म्हणाला. “पेशंट सांभाळायला. सकाळी आठ ते रात्री आठ. बॉयलरच्या कामासाठी मी आता कुठेही अर्ज करणार नाही.”